अफू पिकवणाऱ्या देशात मॉर्फिन का मिळत नाही?



"अमेरिकेत बघा काय झालं!" मॉर्फिन, ऑक्सिकोडोन असल्या औषधांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हे वाक्य ठरलेले. बोलणारा न्यू जर्सीतला असो, सिंगापूरचा असो की इथला तोझाई लाइनवरचा. वाक्य बोलून झाले की त्याला वाटते, विषय संपला. मला वाटते, विषय तिथून सुरू होतो. अमेरिकेत जे झाले ते खरेच भयानक आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. पण दुसऱ्या मुलखातल्या महापुराची बातमी वाचून आपल्या दुष्काळी तालुक्यातला टँकर बंद करायचा, याला शहाणपण म्हणत नाहीत.

दुष्काळ हा शब्द अतिशयोक्त वाटत असेल तर आधी आकडे बघू. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. त्यातल्या हिशेबाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे २९८.५ टन ओपिऑइड, म्हणजे अफू गटातली वेदनाशामके, वाटली जात होती (सगळी मॉर्फिनच्या मापात मोजली तर). सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला त्यातले किती? ०.१ टन. शंभर किलो! भारत त्या सगळ्यात गरीब गटात मोडत नाही. तरी आपल्याकडे गरजेच्या जेमतेम ४ टक्के औषध पोचत होते. चीनमध्ये १६ टक्के, मेक्सिकोत ३६ टक्के, आणि अमेरिकेत गरजेच्या कितीतरी पट. ही सगळी तूट भरायला किती पैसे लागतील तेही आयोगाने सांगितले. औषध स्वस्तात स्वस्त भावाने मिळाले तर वर्षाला १४.५ कोटी डॉलर, साऱ्या जगासाठी. तेव्हा "गरीब देशाला परवडत नाही" ही सबब इथेच बाजूला ठेवू.

आता यातला सगळ्यात बोचरा भाग. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांपैकी भारत एक. मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौर, राजस्थान आणि उत्तर प्रदेशाचा काही भाग, इथले शेतकरी सरकारी परवान्याने खसखशीचे पीक घेतात. बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करतात आणि सरकारला विकतात. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत. आणि ही अफू विकत घेणाऱ्या देशांत जपान हे जुने गिऱ्हाईक आहे! म्हणजे इचिकावातल्या एखाद्या कॅन्सरच्या रुग्णाला मिळणाऱ्या मॉर्फिनचे मूळ माळव्यातल्या शेतात असू शकते. तिथून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या धुळ्या-जळगावच्या रुग्णाला मात्र ते मिळेल की नाही, हे त्याच्या नशिबावर.

हे नशीब कोणी लिहिले ते आता पाहू.

एका कायद्याची करामत
----------------------

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. गर्दचा व्यापार मोडायचा हा हेतू चांगलाच होता. मॉर्फिनच्या वैद्यकीय वापराला कायद्याने बंदीही घातली नव्हती. पण शिक्षा कशी? किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत या शिक्षेत थोड्या-जास्त मालाचा फारसा भेद नव्हता. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम निराळे. मॉर्फिन बाळगायला एक परवाना, दुसऱ्या राज्यातून आणायला दुसरा, वाहतुकीला तिसरा. हे परवाने देणारी खाती वेगवेगळी, आणि त्यात दारूबंदी व उत्पादन शुल्क खाते, ज्याला आजाराशी काही देणेघेणे नाही. एक परवाना हातात पडेपर्यंत आधीच्याची मुदत संपायची.

रुग्णालयांनी साधा व्यवहारी निर्णय घेतला. मॉर्फिन ठेवायचेच नाही. केमिस्टांनीही तेच केले. १९९७ साली अख्ख्या भारतात मॉर्फिनचा वापर उरला होता १८ किलो. कायदा येण्यापूर्वीच्या मानाने घट ९७ टक्क्यांची. देशातली दुखणी ९७ टक्क्यांनी कमी झाली असे कोणी म्हणेल काय?

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गर्द पकडला की आकडा होतो. किती किलो, किती अटका, फोटोसकट बातमी. पण औषध न मिळाल्यामुळे जो माणूस रात्रभर तळमळला, त्याचा आकडा कुठल्याच खात्यात होत नाही. त्याचा पंचनामा नाही, त्याच्यासाठी विधानसभेत प्रश्न नाही. म्हणून बंदी घालणाऱ्याला कायम यशच दिसते. ज्या कायद्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजूच लिहिलेली नाही, तो कायदा नफ्यातच दिसणार.

"पण सैल सोडले तर गोळ्या बाजारात जातील" असे म्हणणाऱ्यांसाठी केरळचे उदाहरण. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकतच्या मेडिकल कॉलेजात वेदना व उपशामक उपचारांचा दवाखाना सुरू केला. रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी दिल्या जात. त्यातून किती गोळ्या बाहेर गेल्या, याचा अभ्यास २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन वर्षांतले १,७२३ रुग्ण तपासले, आणि गोळ्या बाहेर गेल्याचे किंवा गैरवापराचे एकही प्रकरण सापडले नाही. कारण काय? जादू नव्हती. रुग्णाची नोंद, घरी जाणारी नर्स, ठरावीक दिवसांचेच औषध आणि उरलेल्याचा हिशेब. पोलिसी धाकाने जे होत नाही ते नर्सच्या वहीने होते.

कोर्ट, संसद आणि एसटीचे तिकीट
------------------------------

हा कायदा आपोआप बदलला नाही. १९९८ साली डॉ. रवींद्र घूई यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या आईला स्तनाचा कॅन्सर होता, आणि स्वतः औषधशास्त्राचे जाणकार असूनही त्यांना आईसाठी मॉर्फिन मिळवता येत नव्हते. न्यायालयाने राज्यांना मॉर्फिनच्या मागण्या तातडीने निकालात काढायला सांगितले. त्याच वर्षी केंद्राने राज्यांपुढे सोपे नियम ठेवले, पण ते स्वीकारायची घाई फार थोड्या राज्यांनी केली. २००७ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायदा दुरुस्त केला. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग झाला. त्यात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे. २०१५ साली नियम आले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळालेल्या संस्थेला ढीगभर परवाने लागत नाहीत. सगळ्या देशाला नियम एक.

म्हणजे आईच्या दुखण्यासाठी एक मुलगा कोर्टात गेला, त्यानंतर कायदा बदलायला सोळा वर्षे लागली. आणि कायदा बदलला म्हणून काय बदलले?

माझ्या माहेरच्या एका नातेवाइकांचे सांगते. कायदा बदलून काही वर्षे झाल्यानंतरची गोष्ट. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. जिल्ह्याच्या गावी मोठे खासगी रुग्णालय, एमआरआयपासून सगळे आहे. मॉर्फिनची गोळी नाही. डॉक्टर भले गृहस्थ. ते डायक्लोफिनॅकची इंजेक्शने देत राहिले आणि म्हणाले, "याच्या वर आमच्याकडे काही नाही." 'ठेवत नाही' असे ते म्हणाले नाहीत, 'नाही' म्हणाले. मग मुलगा रात्रीच्या एसटीने मुंबईला गेला, कागदपत्रांची पिशवी घेऊन दिवसभर रांगेत बसला आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या घेऊन आला. गोळ्यांचे पैसे एसटीच्या तिकिटाहून कमी झाले. पहिल्या दोन दिवसांत म्हातारा माणूस सलग झोपला आणि उठून म्हणाला, "हे आधी का नाही दिलं?" त्या प्रश्नाला घरातल्या कोणाकडेही उत्तर नव्हते. दोन आठवड्यांनी पुन्हा तीच एसटी.

आधी का नाही दिले? कारण कायदा २०१४ मध्ये बदलला तरी भीती १९८५ चीच आहे. मॉर्फिनची गोळी हातात न घेताच डॉक्टरांच्या दोन पिढ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. मान्यता मिळवायची तर संस्थेने अर्ज करायला हवा, एका प्रशिक्षित डॉक्टरवर जबाबदारी टाकायला हवी, नोंदी ठेवायला हव्यात. आणि यात रुग्णालयाला मिळते काय? स्वस्त गोळीत नफा नाही. स्टेंटमध्ये आहे, स्कॅनमध्ये आहे. महाराष्ट्राने उपशामक शुश्रूषेचे धोरण २०१२ सालीच केले. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून, आणि टाटा मेमोरियल तर आहेच. मुंबई-पुण्यात माणसे आहेत, ज्ञान आहे, धोरणाचा कागदही आहे. नाही ते तालुक्याच्या कपाटातले औषध.

"भोग आहेत, भोगून संपवायचे"
----------------------------

या भीतीला आपल्या संस्कृतीने छान पांघरूण दिले आहे. दुखणे म्हणजे प्रारब्ध. गेल्या जन्मीचे देणे. सोसले की फिटते. एरवी कर्मविपाकाची टिंगल करणारे आपण पुरोगामी लोक, पण घरात आजी कण्हायला लागली की आपलीही जीभ तिकडेच वळते: "किती सोसलं हो तिनं, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही." हे कौतुक आहे की आपल्या सोयीची गोष्ट आहे? शब्द काढला असता तर काही करावे लागले असते.

आणि यात बाईचा वाटा मोठा. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" हे तर बाळंतपणापासून कानावर पडते. संधिवाताने बोटे वाकलेली बाई भाकऱ्या थापते आहे तोवर तिचे दुखणे हे दुखणेच नसते. ती खाटेला खिळली की मग घरकामाची गैरसोय होते, आणि तेव्हा ते 'दुखणे' होते.

इथे जपानीत याला 'गामान' म्हणतात. निमूट सोसणे हा मोठा गुण. औषधांचे नावही इथे आडवे येते. मॉर्फिन 'मायाकू', आणि रस्त्यावरचे हेरॉइनही 'मायाकू'. डॉक्टरने तो शब्द उच्चारला की रुग्णाचा चेहरा बदलतो. त्याला वाटते, आपले संपत आले. आपल्याकडे 'अफू' म्हटले की तेच. तेव्हा जपान म्हणजे सगळे आदर्श असे मी म्हणत नाही. पण इथे पुढे काय झाले ते शिकण्यासारखे आहे, त्याकडे येतेच.

कॅन्सर नाही, मग दुखत नाही?
----------------------------

आतापर्यंत कॅन्सरचे बोलले, कारण कॅन्सर म्हटले की निदान सहानुभूती तरी मिळते. खरे हाल आहेत ते वर्षानुवर्षे दुखणे घेऊन जगणाऱ्यांचे. मणक्याला मार लागलेला बांधकाम मजूर. नसांची दुखणी. अपघातात पाय गेलेला माणूस. हे मरणार नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणाला घाई नाही.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, पूर्व विदर्भ. इथल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत सिकल सेल आजार मोठ्या प्रमाणात आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. मग हाडे, छाती, पोट असे दुखते की धडधाकट तरुण जमिनीवर लोळतो. असा झटका वर्षातून अनेकदा येऊ शकतो, आणि तो लहानपणापासून येतो. तीव्र झटक्यात मॉर्फिनसारखे जोरकस औषध लवकर देणे हा जगभर मान्य असलेला उपचार आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे लक्ष्य. तपासणी हवीच. पण तपासणीचे कार्ड दुखणे थांबवत नाही. ज्या पोराला आज रात्री झटका आला आहे, त्याला आज रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात काय मिळते, हा प्रश्न मोहिमेच्या फलकावर कुठे आहे?

अशा लोकांना जो काही आधार होता तो ट्रामाडॉलचा. मॉर्फिनहून सौम्य, पण साध्या गोळीहून जोरकस. एप्रिल २०१८ मध्ये तेही एनडीपीएसखाली आले. कारणे खोटी नव्हती. पंजाबात गैरवापर होत होता, पश्चिम आफ्रिकेत चोरटी निर्यात होत होती. पण चोरी कारखान्यातून आणि बंदरातून होत असेल तर पहारा कुठे बसवायचा, कारखान्याच्या दारावर की गावातल्या रुग्णाच्या दारावर? तालुक्याचा केमिस्ट सरळ विचार करतो. ज्या गोळीत दोन पैसे सुटतात आणि हिशेबात चूक झाली तर एनडीपीएस लागतो, ती ठेवायची कशाला?

आता दुसरी बाजूही मांडते, कारण ती खरी आहे. दीर्घकाळच्या दुखण्याला ही औषधे सरसकट चालत नाहीत. २०१८ साली अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी किंवा झिजलेले खुबे-गुडघे असलेल्या २४० जणांपैकी निम्म्यांना ओपिऑइड दिले, निम्म्यांना साधी वेदनाशामके. वर्षभरानंतर ओपिऑइड घेणाऱ्यांची अवस्था काही जास्त चांगली नव्हती, आणि त्रास मात्र जास्त होता. म्हणून तुमच्या-माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मॉर्फिन मागायला मी निघालेली नाही. तिथे व्यायाम, वजन, फिजिओथेरपी, वेळ आली तर शस्त्रक्रिया. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणाला काय चालते, हे त्या माणसाला तपासून ठरवा. खात्याच्या धाकाने नको, आणि गावच्या केमिस्टच्या हिशेबानेही नको.

मग अमेरिकेत काय झाले?
------------------------

आता त्या ठरलेल्या वाक्याकडे. १९९६ साली पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि 'याचे व्यसन सहसा लागत नाही' असा प्रचार करत ते साध्या पाठदुखीपर्यंत पोचवले. दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ मध्ये कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा गुन्हे कबूल केले. घराघरांत गोळ्यांचे डबे साठले आणि हजारो कुटुंबे उद्ध्वस्त झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण पुढचा अध्याय आपल्या गप्पांत येत नाही. २०१६ साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मॉर्फिनच्या मापात दिवसाला ९० मिलिग्रॅमचा उल्लेख होता. सूचना डॉक्टरांना विचार करायला होत्या. राज्यांनी, विमा कंपन्यांनी आणि औषध दुकानांनी त्यांचा नियम केला. वर्षानुवर्षे ठरावीक मात्रेवर कामाला जाणाऱ्या, कोणालाही त्रास न देणाऱ्या रुग्णांच्या गोळ्या अचानक तोडल्या गेल्या. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनालाच इशारा द्यावा लागला की औषध एकदम बंद केल्याने रुग्णांना गंभीर त्रास होतो आहे, आत्महत्याही होत आहेत. २०२२ मध्ये सूचना बदलल्या, कडक मर्यादा वगळल्या. ज्यांचे जायचे ते गेले.

आणि मृत्यू कमी झाले का? चिठ्ठ्या २०१२ नंतर घटत गेल्या. अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे मृत्यू मात्र वाढत वाढत २०२१ साली एक लाखाच्या वर गेले, मुख्यतः रस्त्यावरच्या बेकायदा फेंटानिलने. गोळी बंद केली, व्यसन बंद झाले नाही. त्याचा दुकानदार तेवढा बदलला.

तेव्हा अमेरिकेतून धडा घ्यायचाच असेल तर पुरा घ्या. भारतात निर्णय घेतला अबकारी खात्याच्या धाकाने. अमेरिकेत आधी घेतला औषध कंपनीच्या विक्रेत्याने, नंतर विमा कंपनीच्या कोष्टकाने. तिन्ही वेळा खाटेवरच्या माणसाला कोणी विचारले नाही. दुष्काळ आणि महापूर ही एकाच गैरकारभाराची दोन रूपे आहेत.

कुलूपही हवे, किल्लीही हवी
----------------------------

"कडक नियम आणि औषध दोन्ही एकदम कसे जमणार?" तर बघा. जपानचा मादक औषधांचा कायदा १९५३ चा, आणि सैल तर मुळीच नाही. ही औषधे लिहून द्यायला डॉक्टरला प्रांताच्या गव्हर्नरचा वेगळा परवाना लागतो, विकायला औषध दुकानालाही लागतो. औषध कुलुपात, प्रत्येक गोळीची नोंद, उरलेल्या गोळ्या दुकानात परत. आणि तरीही इचिकावातला कॅन्सरचा रुग्ण मॉर्फिन घेऊन घरी राहू शकतो. हे झाले कसे?

एक तर वैद्यकीय परंपरा होती. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या मसुद्याची प्रत्यक्ष चाचणी शेजारच्या साइतामा प्रांताच्या कॅन्सर केंद्रात डॉ. फुमिकाझु ताकेदा यांनी घेतली होती. १५६ रुग्णांपैकी ८७ टक्क्यांचे दुखणे पूर्ण थांबले. पण पद्धत माहीत असूनही ती सगळीकडे पोचायला आणखी वीस वर्षे गेली, आणि ती पोचली राजकारणामुळे. मे २००६ मध्ये ताकाशी यामामोतो या खासदाराने वरिष्ठ सभागृहात उभे राहून आपल्यालाच कॅन्सर असल्याचे सांगितले आणि कॅन्सरचा कायदा मंजूर करायची विनंती केली. त्याच वर्षी कायदा झाला. दुखणे कमी करणे हे उपचाराच्या सुरुवातीपासूनचे काम ठरले, कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याचे प्रशिक्षण सुरू झाले. यामामोतो डिसेंबर २००७ मध्ये वारले.

कॅन्सर नसलेल्यांसाठीही इथे एक वाट काढली. फेंटानिलची पट्टी २०१० पासून आणि ऑक्सिकोडोनची एक गोळी २०२० पासून दीर्घकालीन दुखण्याला देता येते. अट अशी की डॉक्टरने आधी त्याचे प्रशिक्षण पुरे करायचे आणि रुग्णाशी बोलून दोघांनी कागदावर सह्या करायच्या. म्हणजे प्रवेशाची अट 'शिकून या' अशी आहे, 'तुरुंगाची आठवण ठेवा' अशी नाही.

जपानचा कडकपणा दुखावतोही. जून २०१५ मध्ये टोयोटाच्या वरिष्ठ अधिकारी ज्युली हॅम्प यांना अटक झाली. गुडघेदुखीसाठी अमेरिकेहून पार्सलने आलेल्या ऑक्सिकोडोनच्या ५७ गोळ्या हे कारण. वीस दिवसांनी खटला न भरता सोडले, पण नोकरी गेली. हॅम्प यांच्यामागे टोयोटा होती, तुमच्या-माझ्या आईवडिलांमागे कोण असणार? म्हणून जपानमधल्या वाचकांना एक व्यवहाराची सूचना: भारतातून येणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे मॉर्फिन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन असेल तर इथल्या मादक औषध नियंत्रण विभागाची परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते. औषध रुग्णाने स्वतःजवळ आणायचे. पोस्टाने किंवा "अमुक येतोय, त्याच्या बॅगेत देते" असे कदापि नाही.

नियम कडक असावेत, यावर माझा आक्षेप नाही. पण ज्या कायद्यात औषध कुलुपात ठेवण्याची सक्ती आहे, त्याच कायद्यात ते रुग्णापर्यंत पोचवण्याचीही सक्ती हवी. औषध सुटले तर अधिकाऱ्याला जाब विचारतात. औषध पोचले नाही तरी विचारायला हवा.

आपण काय करायचे?
----------------

दूर बसून हळहळण्यापेक्षा चार कामे सुचवते.

एक. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली आपापल्या जिल्ह्याबद्दल अर्ज करावा. ज्यांचा पासपोर्ट बदलला आहे त्यांनी घरच्या माणसाला करायला सांगावे. तीन साधे प्रश्न: २०१५ च्या नियमांखाली मान्यता असलेल्या संस्था कोणत्या? सिव्हिल हॉस्पिटल त्यांत आहे का? गेल्या वर्षी तिथे मॉर्फिन किती वापरले गेले? 'निरंक' असे उत्तर आले तर तो कागद जपून ठेवा आणि स्थानिक वार्ताहराच्या हातात द्या. ज्या दुखण्याचा आकडा नव्हता, त्याचा तो पहिला आकडा.

दोन. देणगी देताना इमारतीच्या कोनशिलेपेक्षा घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या पगाराला द्या. केरळात काम झाले ते तिच्या वहीने. फोटो चांगला येणार नाही, चालेल.

तीन. आपल्यात डॉक्टर पुष्कळ आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर सत्कार स्वीकारण्याआधी तिथल्या डॉक्टरांबरोबर दोन तास बसा. मॉर्फिनची मात्रा कशी सुरू करायची, कशी वाढवायची, कशी उतरवायची, बद्धकोष्ठाचे काय करायचे, एवढे जरी बोललात तरी चाळीस वर्षांची भीती थोडी उतरेल.

चार. घरात कोणी "दुखतंय" म्हणाले की विश्वास ठेवा. ते किती, कधी, कशाने वाढते, झोप लागते का, हे विचारा आणि लिहून डॉक्टरला दाखवा. "सोसायला शिका" हे वाक्य निदान आपल्या पिढीत तरी संपू दे.

गर्दचा व्यापार मोडायलाच हवा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण तो मोडण्याची किंमत गेली चाळीस वर्षे अशा माणसांकडून वसूल होते आहे, ज्यांनी गर्द पाहिलेलाही नाही. गडचिरोलीतले पोर, खाटेवरचा म्हातारा, वाकल्या बोटांची बाई. यांच्या वतीने कोणी तरी हिशेब मागायला हवा. परवडते त्यांनी, लिहितावाचता येते त्यांनी आणि ज्यांना स्वतःला हवे तेव्हा औषध मिळते त्यांनी. म्हणजे आपणच.

इचिकावा, जपान